गॅस उतरला, पण लेकरू सावध झाले का?

(खांडबारा येथे वसतिगृहातील ताई, आशा कार्यकर्त्या आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी दातांविषयी थोडे आणि दात काढताना देतात त्या गॅसविषयी जास्त बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण धर्मशास्त्राच्या पदविकेपर्यंतचे, आणि बाकीचे जे काही शिकलो ते तुमच्या पोरांना दवाखान्यात नेता-आणता शिकलो. पण मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एका मावशींनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "भाऊ, तो हसायचा गॅस दिल्यावर पोराचं डोकं पहिल्यासारखं होतं का? की काहीतरी आत राहतं?" प्रश्न अगदी सरळ होता आणि रस्त्यात उभ्याउभ्या मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देतो.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी वसतिगृहातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला गाडीने मोठ्या शहरात दाताच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तिच्या खालच्या दोन दाढा किडून पार पोखरल्या होत्या. दोन रात्री ती झोपली नव्हती. सुई पाहिली की ती इतकी घाबरायची की तोंडच उघडत नसे. म्हणून डॉक्टरांनी तिला गॅस द्यायचे ठरवले. नाकावर मऊ रबराची लहान टोपी बसवली आणि तिला नाकाने श्वास घे म्हणाले. दोन-तीन मिनिटांत तिच्या खांद्यांतला ताण गेला. पाय कापसात ठेवल्यासारखे वाटतात, असे ती मावचीत म्हणाली आणि हसली. हिरडीत सुई दिली तेव्हा तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. दोन्ही दाढा निघाल्या. मग गॅस बंद करून तिला काही वेळ नुसता ऑक्सिजन दिला. ती उठून बसली. सिस्टर म्हणाल्या, "थोडा वेळ बाहेर बसवा, मग जा."

माझे लक्ष घड्याळाकडे होते. संध्याकाळची गाडी चुकली तर रात्र स्टेशनवर काढावी लागली असती. मी मुलीला विचारले, "बरी आहेस ना?" तिने मान हलवली. तेवढ्यावर मी तिची पिशवी उचलली आणि पुढे चालू लागलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचा पाय चुकला आणि ती खालपर्यंत गेली. हनुवटी फुटली. चार टाके पडले. गाडी तर चुकलीच.

दुसऱ्या दिवशी तिच्या पाड्यावर गेलो तेव्हा आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण शेजारपाजारची माणसे म्हणाली, "हवा डोक्यात राहिली, म्हणून पडली." पुढे त्या पाड्यावरच्या दोन घरांनी मुलांचे किडके दात दाखवायला नकार दिला. एका मुलाच्या दाढेचा पू गालापर्यंत चढला, तेव्हा कुठे त्याला नेले. माझ्या पाच-दहा मिनिटांच्या घाईची किंमत त्या मुलाने मोजली. गॅसने तिला पाडले नाही. मी तिला वेळेआधी चालवले, म्हणून ती पडली. हे मी तेव्हा त्या पाड्यावर उघड बोलायला हवे होते. ते आज बोलतो आहे.

आता हा गॅस आहे तरी काय, ते पाहू. त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. इंग्लंडमधले जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ च्या सुमारास तो पहिल्यांदा वेगळा काढला. हे गृहस्थ व्यवसायाने धर्मोपदेशक होते. म्हणजे आमच्यासारख्यांचा या गॅसशी संबंध तसा जुनाच म्हणायचा. पुढे १८०० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवले की या वायूने वेदना कमी होतात, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग करता येईल. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षे कोणी ते मनावर घेतले नाही. लोक तो वायू जत्रेतल्या खेळासारखा हुंगायचे आणि हसायचे.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात असाच एक खेळ चालला होता. कूली नावाच्या तरुणाने गॅस घेतला आणि तो धावपळ करू लागला. बाकांवर आपटून त्याचा पाय चांगलाच खरचटला, रक्त आले. तो मात्र येऊन आपल्या जागी शांत बसला. गॅस उतरल्यावर त्याने खाली पाहिले तेव्हा त्याला जखम कळली. शेजारी होरेस वेल्स नावाचे दाताचे डॉक्टर बसले होते. त्यांनी हे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. दातांच्या कामात या गॅसचा वापर तिथून सुरू झाला.

ही गोष्ट नेहमी वेदना थांबल्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरे काही दिसते. पाय फुटलेल्या कूलीला तेव्हा कोणी "बरा आहेस ना?" असे विचारले असते, तर तो "हो" म्हणाला असता. खोटे बोलला नसता, त्याला खरोखरच बरे वाटत होते. आमच्या मुलीनेही मान हलवली ती खरीच होती. गॅस घेतलेल्या माणसाला आपण किती सावध आहोत याचा अंदाज स्वतःला नीट येत नाही. तो अंदाज सोबतच्या माणसाने घ्यायचा असतो.

आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. आत काही राहते का? एरवी निरोगी असलेल्या माणसाने दात काढण्यापुरता थोडा वेळ हा गॅस घेतला, तर तो आत राहत नाही. याचे कारण समजून घ्या. हा वायू रक्तात फार कमी विरघळतो. श्वासाबरोबर आत जातो आणि श्वासाबरोबरच बाहेर येतो. गोळीचे जसे पोटात आणि यकृतात काहीतरी होते, तसे याचे जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो.

गॅस चालू असताना मात्र फरक पडतो. हात आणि डोळा यांचा मेळ बिघडतो. विचारलेल्याचे उत्तर उशिरा येते. त्या वेळी ऐकलेले पुढे आठवेलच असे नाही. गॅस जितका जास्त, तितका हा परिणाम जास्त. हे तपासायच्या रीती साध्या आहेत. एक चाचणी अमेरिकेतले नॉर्मन ट्रीगर यांच्या नावाने ओळखली जाते. कागदावर ठिपक्यांनी काढलेली आकृती देतात आणि पेन्सिलीने ठिपके जोडायला सांगतात. रांगोळीच जणू. किती ठिपके चुकले ते मोजतात. गॅस बंद केल्यावर पुन्हा तेच करायला लावतात. बहुतेकांचा हात पाव तासाच्या आसपास जवळजवळ पूर्ववत होतो. काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. गरगरणे, मळमळणे किंवा डोके दुखणे थोडे रेंगाळू शकते.

शेवटी नुसता ऑक्सिजन का देतात? गॅस बंद केला की रक्तातला वायू एकदम फुप्फुसात परत येतो आणि तिथल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. बाजार सुटल्यावर रस्ता भरतो आणि समोरून येणाऱ्याला आत शिरता येत नाही, तसे. म्हणून साधारण पाच मिनिटे निखळ ऑक्सिजन देतात. ती टोपी पोराच्या नाकावरून लवकर काढा अशी घाई आपण करायची नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर मुळीच नाही, कारण आपल्याकडे भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांत सिकलसेल पुष्कळ घरांत आहे आणि सिकलसेलच्या रुग्णाला ऑक्सिजन कमी पडून चालत नाही. सिकलसेलचे कार्ड घरी पेटीत ठेवू नका. दवाखान्यात जाताना बरोबर न्या आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी दाखवा.

आणखी चार गोष्टी आधी सांगायच्या. नाक सर्दीने चोंदले असेल तर सांगा, कारण हा गॅस नाकानेच घ्यायचा असतो. बाई पोटुशी असेल तर सांगा, दिवस नुकतेच राहिले असतील तर जास्तच. नुकतेच डोळ्याचे किंवा कानाचे ऑपरेशन झाले असेल तर सांगा. आणि हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर तेही सांगा. हा गॅस शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वाला निकामी करतो. धडधाकट माणसाला एकदा थोडा वेळ घेतल्याने सहसा काही होत नाही. पण ज्याच्या अंगात बी-१२ आधीच फार कमी आहे, त्याच्या नसांना नंतर त्रास होऊ शकतो. परदेशात काही तरुण हा गॅस मजेखातर रोज हुंगतात. त्यांच्यातल्या काहींचे पाय बधिर होतात, चालता येत नाही, आणि काहींचे ते पुरते भरूनही येत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा हुंगण्यासाठी तो जवळ बाळगणे गुन्हा ठरवले. दवाखान्यातली दहा-वीस मिनिटे आणि ही रोजची नशा यांत मोठा फरक आहे. तो फरक पोरांनाही समजावून सांगा.

आता सर्वांत कामाची गोष्ट. "गुंगीचे औषध दिले" एवढे ऐकून घरी येऊ नका. कोणते दिले ते विचारा. कारण सगळी औषधे गॅससारखी उतरत नाहीत. शिरेतून मिडाझोलॅम दिले असेल, तर माणूस तासाभराने बोलतो-चालतो, पण नंतर त्यातले त्याला काही आठवत नाही. त्याने २४ तास मोटारसायकल चालवायची नाही, विळा-कोयता हातात घ्यायचा नाही, चुलीपाशी एकटे बसायचे नाही आणि तान्हे मूल एकट्याने सांभाळायचे नाही. केटामाइन दिले असेल, तर उतरताना पोर बडबडते, घाबरते, नसलेले पाहते. मग घरचे लोक भगताकडे धावतात. ते औषधाचे असते आणि काही वेळाने जाते. शांत, अंधाऱ्या जागी निजवा, जवळ बसा. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून घ्या. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.

अंगठ्याचेही सांगतो. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा गॅस लावायच्या आधी, सगळे समजून घेऊन द्यायचा. गॅस चालू असताना किंवा टोपी काढल्याबरोबर कुठल्याच कागदावर अंगठा नाही. जमिनीचा असो, सोसायटीच्या कर्जाचा असो, मुकादमाच्या उचलीचा असो. आपल्या लोकांनी सावध असतानासुद्धा न समजता अंगठे देऊन काय काय गमावले, ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या औषधाची गुंगी असेल तर अख्खा एक दिवस जाऊ द्या.

मग लेकरू सावध झाले की नाही हे ओळखायचे कसे? त्याची सुरुवात गॅस देण्याच्या आधी होते. आधी ते पोर कसे चालते, कसे बोलते, किती बोलते, हे पाहून ठेवा. ठिपक्यांची ती चाचणीसुद्धा आधी एकदा करून घेतात, म्हणजे नंतर तुलना करता येते. मुळातच कमी बोलणारी मुलगी नंतर गप्प बसली तर घाबरू नका. एरवी सारखे बोलणारा मुलगा गप्प बसला तर थांबा.

दुसरे, प्रश्न घरच्या बोलीत विचारा. आपली पोरे मावची, कोकणी, भिली बोलतात. शहरातले डॉक्टर मराठीत किंवा गुजरातीत विचारतात आणि पोर लाजून नुसती मान हलवते. ती मान सावधपणाची असते की लाजेची, ते डॉक्टरांना कळणार कसे? तुम्हाला कळते. म्हणून असे विचारा की ज्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे येऊच शकणार नाही. आज सकाळी काय खाल्ले? घरी बैल किती? गाडीत आपल्या शेजारी कोण बसले होते? सुई दिल्यामुळे जीभ जड असेल, शब्द बोबडे येतील, तिकडे लक्ष देऊ नका. उत्तर जुळते का ते पाहा.

तिसरे, शरीर पाहा. बसल्या जागी बोटाने नाकाचा शेंडा शिवायला लावा. शर्टाचे बटण लावायला सांगा. मग तुम्ही जवळ असताना उभे करा. गरगरते का विचारा. फरशीच्या रेघेवरून दहा पावले चालवा आणि परत आणा. पाय वाकडा पडला तर पुन्हा बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. जिन्यावर हात धरा आणि तुम्ही एक पायरी खाली राहा. मी त्या दिवशी पिशवी घेऊन पुढे निघालो होतो. मी खाली, तिच्या समोर असायला हवे होते. हे सगळे झाले तरी डॉक्टर किंवा सिस्टर "आता न्या" म्हणेपर्यंत निघायचे नाही.

मोठ्या माणसाला फक्त हा गॅस दिला असेल आणि डॉक्टरांनी तपासून सोडले असेल, तर तो एकटाही घरी जाऊ शकतो. मूल मात्र मोठ्या माणसाबरोबरच जाईल. मोटारसायकलवर मागे एकटे बसवू नका, कारण पकड पूर्ण आली की नाही ते वळणावरच कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. बस किंवा गाडी बरी. त्या दिवशी झाडावर चढणे, विहिरीवर किंवा नदीवर जाणे नको.

गॅस उतरला तरी हिरडीतल्या सुईचा बधिरपणा दोन-तीन तास राहतो, हेही लक्षात ठेवा. पोराला ओठ जाडा लागतो, म्हणून ते चावत बसते आणि संध्याकाळी ओठ सुजतो. बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नको, भाकरी नको. आणि घरी आल्यावर सारखी झोप येऊ लागली, वारंवार उलटी झाली, श्वास जड वाटला, ओठ निळसर दिसले किंवा रक्त थांबेना, तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना सांगताना "तेव्हा गॅस दिला होता" हेही सांगा. एरवी कोणी त्याचा संबंध जोडणार नाही.

बायांनो, बाळंतपणातही काही मोठ्या रुग्णालयांत हाच वायू अर्धा आणि ऑक्सिजन अर्धा असा मिसळून देतात. तिथे मुखवटा बाईने स्वतःच्या हाताने धरायचा असतो. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो आणि गॅस थांबतो. म्हणून मायेपोटी सासूने किंवा बहिणीने तो तिच्या तोंडावर दाबून धरायचा नाही. आणि नंतर ती पहिल्यांदा उठेल तेव्हा तिला आधार द्या.

शेवटी, मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आठवा. येशूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, त्याच्या डोळ्यांना स्पर्श केला आणि मग त्याला विचारले, काही दिसते का? तो माणूस खरे बोलला. माणसे दिसत होती, पण चालत्या झाडांसारखी. येशूने त्याला तेवढ्यावर वाटेला लावले नाही. पुन्हा हात ठेवला, सगळे स्पष्ट दिसू लागले, आणि मगच त्याला घरी पाठवले. ही गोष्ट मी पदविकेच्या वर्गात शिकलो होतो, तिच्यावर उपदेशही दिले होते. पण तिच्यातले ते विचारणे आणि ते थांबणे मला जिन्याखाली बसून, त्या मुलीच्या हनुवटीवर रुमाल दाबताना कळले.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मागच्या वर्षी तिने आपल्या धाकट्या भावाला दात काढायला नेले. सोबत मीही होतो. गॅस झाल्यावर ती त्याच्याजवळ बसली आणि त्याला मावचीत विचारू लागली, घरी कोंबड्या किती, लाल कोंबडी कुठली. त्याने दोनदा चुकीचे सांगितले. मी सवयीने घड्याळ पाहिले. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही जाऊन चहा घ्या. आम्ही पुढच्या गाडीने येऊ."

आम्ही तिघेही पुढच्या गाडीने आलो.